अर्धं भिंग

माझ्या स्टुडिओत आलेला सर्वांत भांडखोर माणूस फोटो काढून घ्यायला आला नव्हता. त्याच्या हातात ओळंबा होता, आणि माझ्या फोटोमुळे त्याने बांधलेली भिंत पाडली जाणार होती.

भांडण सांगण्याआधी माझ्या भिंगाविषयी थोडं सांगतो, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची ते वाचकांना ठरवता येईल.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी चिंचवड स्टेशनजवळ स्टुडिओ टाकला. स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये तेव्हा ज्वारी होती. पिंपरीला निर्वासितांचा कॅम्प वसला होता, एकदोन कारखान्यांचं बांधकाम चालू होतं आणि आणखी येणार अशी बोलवा होती. कोणता कारखाना काय बनवणार हे कोणालाच माहीत नसे. सगळ्यांना मिळून 'कंपनी' म्हणत. कंपनीत अर्ज करायचा तर फोटो लागे, म्हणून माझं बरं चाललं होतं.

माझा कॅमेरा म्हणजे सागवानी खोका, त्याला पुढे चामड्याचा भाता आणि भात्याच्या तोंडाशी पितळी नळीतलं भिंग. खोका सुताराकडून करून घेतला होता, भिंग पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं. विकणारा म्हणाला, "जर्मन आहे." ज्या वस्तूवर वाचता न येणारं नाव असे, ती त्या काळी जर्मन असे. मी घेतलं.

या भिंगातून फोटोचा मधला भाग स्वच्छ येई आणि कडा पिठाळ येत. मला वाटे, सगळीच भिंगं अशी असतात. म्हणून मी महत्त्वाची माणसं मध्ये बसवी आणि कमी महत्त्वाची टोकांना. लग्नाच्या फोटोत वरपक्ष मध्ये, मुलीचे मामा कडेला. कडेचे मामा जरा पुसट येत आणि जरा रुंद येत. रुंदीबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. अंग भरलेलं दिसणं ही तेव्हा चांगली गोष्ट होती.

त्यातच मला बांधकामाच्या फोटोंचं काम मिळालं. एका कारखान्याची दुमजली कचेरी बांधली जात होती. मालकांची मुख्य कचेरी मुंबईत. तिथले सबनीस साहेब बांधकामावर देखरेख ठेवत, पण मुंबईत बसूनच. दर महिन्याला बांधकाम कुठवर आलं त्याचा फोटो त्यांच्याकडे जायचा आणि तो पसंत पडला की पुढच्या कामाला मंजुरी मिळायची. बांधकामाचे कंत्राटदार पुण्याचे गोपाळशेठ. ते मला म्हणाले, "मुंबईला भिंत दिसत नाही, फोटो दिसतो. तेव्हा नीट काढा."

मी नीट काढायचं ठरवलं. नीट म्हणजे काय, तर ज्या काचेवर फोटो उमटतो तिच्यावर इमारत काठोकाठ भरली पाहिजे. तोवरच्या माझ्या फोटोंत इमारत मध्ये छोटीशी आणि भोवती माळरान असं असे. या वेळी मी तिपाई पुढे नेत नेत अशी लावली की इमारतीचे दोन्ही उभे कोपरे फोटोच्या दोन्ही कडांना आले. फोटो पाहून मी स्वतःवर खूश झालो.

मुंबईहून उत्तर आलं ते गोपाळशेठकडे. सबनीस साहेबांनी फोटोवर फूटपट्टी ठेवून पाहिली होती आणि लिहिलं होतं: डाव्या टोकाच्या भिंतीला पोट आलं आहे, ती उतरवून नव्याने बांधावी. उजव्या टोकाची भिंत मात्र नमुनेदार आहे, बाकीचं काम तसं व्हावं. शनिवारी मी स्वतः येत आहे.

डावी भिंत हैबती गवंड्याची होती. उजवी त्याच्या जावयाची, नामदेवची.

गोपाळशेठनी हैबतीला सगळ्यांदेखत झापलं आणि घरी बसवलं. तो काळेवाडीतल्या घरी न जाता तडक माझ्याकडे आला. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस. अंगावर चुन्याचे शिंतोडे, कमरेला थापी, हातात दोरीला टांगलेला लोखंडी ओळंबा.

"फोटू तुमीच काढला का?"

"हो."

"दावा बरं. प्वाट कुटं हाय ते बघू दे."

माझ्याकडे एक प्रत होती, ती दिली. त्याने ती उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली. भिंतीला पोट होतं. बोट लावून दाखवावं इतकं होतं.

"भिंत माजी हाय," तो शेवटी म्हणाला. "प्वाट तुमचं हाय."

मला राग आला. मी ऐकवलं, "अहो हैबतराव, कॅमेऱ्याला तुमचं माझं काही नसतं. जे समोर असतं ते उमटतं. कॅमेरा खोटं बोलत नाही."

"न्हाई बोलत. आन वळंबा बोलतो व्हय?" त्याने दोरी माझ्या तोंडासमोर धरली. "म्या भिंत चढवताना रोज लावलाय ह्यो. आता दोगांतलं कोन खोटं बोलतंय त्ये ठरवूनच मी जानार. न्हाईतर हितंच बसतो."

आणि तो बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. बाहेर एक कुटुंब न्हाऊन-माखून आलं होतं, ते त्याच्याकडे बघून परत गेलं.

त्याला उठवण्याचा सोपा मार्ग म्हणून मी म्हटलं, "द्या तो ओळंबा, त्याचाच फोटो काढतो." पांढऱ्या पडद्यासमोर वरच्या आढ्याला तो टांगला, कॅमेरा लावला, काच आत नेऊन धुतली. दोरी सुतासारखी सरळ. ओली काच तशीच बाहेर आणून त्याला दाखवली.

"बघा. सरळ ते सरळच येतं."

हैबतीने काच पाहिली. मग म्हणाला, "वळंबा तुमी मदी घेतला. माजी भिंत मदी हुती का?"

"नाही. कडेला."

"मग कडंला घ्या की राव."

मी दोन दोऱ्या टांगल्या, एक डाव्या कडेला, एक उजव्या. हैबतीचा ओळंबा एकीला आणि माझं कुलूप दुसरीला. पुन्हा काच आत नेली. लाल दिव्याखाली चित्र वर येऊ लागलं तेव्हा प्रथम मला वाटलं वाऱ्याने दोरी हलली. डावी दोरी डावीकडे फुगली होती. पण उजवी उजवीकडे फुगली होती. दोन दोऱ्यांना दोन वेगवेगळ्या दिशांनी फुगवणारा वारा बंद खोलीत येत नाही. शिवाय वजन टांगलेल्या दोरीला वाकण्याची मुभाच नसते.

मी बराच वेळ आतच उभा राहिलो. बाहेरून हैबती म्हणाला, "मेलं का काय तुमी?"

मी बाहेर येऊन काच त्याच्या हातात दिली. तो ओरडला नाही, हसलाही नाही. फक्त म्हणाला, "हं." तो गेल्यावर मी जुने फोटो काढून बसलो. शाळेचं दार, देवळाचे खांब, कोणाकोणाच्या ओसऱ्या, जे जे कडेला होतं ते सगळं पिंपासारखं बाहेर फुगलेलं. चार वर्षं मी हे पाहत आलो होतो आणि गावाचे सुतारच असे, असं समजत होतो.

शनिवारी सबनीस साहेब आले. किडकिडीत, छत्री घेतलेले, कोटाच्या वरच्या खिशात ती फूटपट्टी. गोपाळशेठनी पहारी घेतलेली माणसं आधीच उभी करून ठेवली होती. हैबतीला बोलावलं नव्हतं. तो आला होता. नामदेव वरच्या मजल्यावर काम करत होता. त्याच्या भिंतीची तारीफ मुंबईने केली, याचा हैबतीला त्या सगळ्या गोंधळातही आनंद होता. रस्त्यात मला म्हणालाही होता, "माजी पडली तर पडंल. पोराचं नाव झालं. म्या शिकवलंय त्येला."

मी साहेबांना नमस्कार केला आणि जे बोलायचं होतं ते पटकन बोलून टाकलं. "साहेब, भिंत सरळ आहे. माझं भिंग वाकडं आहे."

धंद्यातल्या माणसाने चारचौघांत असं वाक्य बोलू नये, हे मला नंतर पुष्कळांनी समजावलं. गोपाळशेठनी तिथल्या तिथे समजावलं. साहेबांनी मात्र मी पुढे केलेला दोऱ्यांचा फोटो घेतला, त्यावर पट्टी ठेवली, मग डाव्या भिंतीपाशी गेले. हैबतीने वरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीला लागून सरळ खाली आली. साहेबांनी तिच्यामागे नख घालून पाहिलं. नख जाईना.

"ठीक," ते म्हणाले. "भिंत राहू दे."

पहारीवाले खाली बसले. गोपाळशेठनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला वाटलं, संपलं. पण सबनीस साहेब तिथेच उभे होते, त्यांची पट्टी आता इमारतीच्या फोटोवर होती, उजव्या कडेला.

"फोटोग्राफर, तुमचं भिंग सरळ भिंतीला पोट काढतं. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"मग जी भिंत फोटोत सरळ दिसते, ती प्रत्यक्षात कशी असेल?"

खरं सांगायचं तर मला प्रश्नच नीट कळला नव्हता. कळला तो हैबतीला. त्याने वर पाहिलं. वर नामदेव थापी हातात घेऊन उभा होता, त्यालाही कळला होता.

"ओळंबा लावा तिकडे," साहेब म्हणाले.

हैबती शिडीने वर चढला, आणि चढताना त्याने घाई केली नाही. जावयाच्या भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. साहेब खाली, लांब उभे होते. उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर येत होती आणि त्यांनी छत्री आडवी धरली होती. तिथून त्यांना दोरी आणि भिंत यांच्यातली फट दिसत नव्हती. मी जवळ होतो, मला दिसत होती. हैबतीने दोरी वर अडकवली, बांबूच्या परांचीवरून भिंतीच्या मध्यापर्यंत उतरून वाकून हात त्या फटीत घातला. बोटं आत गेली.

"काय आहे?" साहेबांनी खालून विचारलं.

त्या वेळी तो "बराबर हाय" म्हणाला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मी बोललो नसतो, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे. गोपाळशेठ तर नाहीच नाही. नामदेव सासऱ्याकडे बघत होता.

"आत गेलीया, साहेब," हैबती म्हणाला. "मदी. तीन बोटं."

गोपाळशेठ पुढे आले. "साहेब, तीन बोटं म्हणजे काय! प्लास्टरात झाकून जाईल."

"पिलास्टरात भिंत झाकंल, शेट," हैबती वरूनच म्हणाला. "वळंब्याला कशात झाकनार?"

पहारीवाले उठू लागले तसा तो त्यांच्यावर खेकसला, "बसा खाली! कुनी हात लावायचा न्हाई." मग जावयाकडे वळला. जावयाला अरेतुरे करत नाहीत. त्यानेही केलं नाही. "पाव्हणं, या हिकडं. आपली हाय. आपुनच उतरवू."

दोघांनी मिळून ती भिंत वरून एकेक वीट काढत उतरवली. अख्खी वीट अख्खी ठेवली. पहारीवाल्यांनी बिड्या ओढत बघितलं. सबनीस साहेब शेवटपर्यंत थांबले, आणि जाताना मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात फोटो लांबून काढा. नाहीतर भिंग बदला." त्यांनी पुढच्या महिन्यापासून फोटो मागवायचं थांबवलं आणि स्वतः येऊ लागले. त्यामुळे लांबून काढायचा प्रश्न उरला नाही.

या प्रकरणात मी खरं बोललो म्हणून पुढे काहींनी माझं कौतुक केलं. मला त्याचं फार काही वाटत नाही. मला आठवते ती हैबतीची लेक हौसा. चार दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली. कडेवर मूल होतं. आत आली नाही.

"फोटूवालं, तुमचं भिंग फुटलं न्हाई व्हय अजून?"

मी म्हटलं, "बदलणार आहे."

"आमच्या मान्साला कामावर समदे 'तीन बोटं' म्हनत्यात. त्ये बी बदला." आणि गेली. बापाशी ती वर्षभर बोलली नाही. हैबती दर सणाला काळेवाडीहून सांगवीला तिच्या घरी जाई, ओसरीवर बसून पाणी पिई आणि परत येई. पाणी नामदेव आणून देई. साहेबांना एकटं गाठून, किंवा उजव्या दोरीवरून आदल्या दिवशीच ओळखून नामदेवला चार शब्द सांगून, हे सगळं कमी गाजावाजाने झालं असतं का, हा विचार मी अजूनही करतो. उत्तर होकारार्थी येतं.

नामदेवने भिंत नव्याने बांधली, ती सरळ होती. मग त्याने थापी ठेवली आणि त्याच कारखान्यात नोकरी धरली. पुढे कधीतरी कंपनीच्या दारात भेटला, अंगावर खाकी कपडे, शिफ्ट सुटली होती. म्हणाला, "मास्तर, बरंच झालं म्हना. हितं आठवड्याची सुट्टी पगारी हाय. भिंतीला कुटली सुट्टी?" तो हसत होता. मीही हसलो, पण तो आधी थांबतो की मी, हे बघत हसलो.

भिंगाचं असं झालं. मी ते घेऊन पुण्याला कॅम्पात एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने नळी हातात फिरवली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारलं, "दुसरा भाग कुठाय?"

"कुठला दुसरा?"

त्याने मला समजावलं. चांगलं भिंग एका काचेचं नसतं. पुढे काही काचा, मागे काही काचा. पुढच्या काचा सरळ रेषेला एका बाजूला वाकवतात, मागच्या तिला तितकंच उलट वाकवून सरळ करतात. एकीने केलेली चूक दुसरीने निस्तरायची. माझ्या नळीत फक्त मागच्या काचा होत्या. पुढच्या कोणीतरी कधीच काढून घेतल्या होत्या. नळीच्या तोंडाशी आतून आटे होते; ते टोपणासाठी असावेत असं मी धरून चाललो होतो, आणि कुठलंच टोपण बसत नाही म्हणून चार वर्षं त्यावर फडकं बांधत होतो.

"आणि मग याने फोटो येतो कसा?" मी विचारलं.

"येतो ना," तो म्हणाला. "अर्ध्या भिंगाने पूर्ण फोटो येतो. म्हणून तर कोणाला कळत नाही."

मी त्याच्याकडूनच दुसरं घेतलं. पूर्ण. स्टुडिओत आणून भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्याचा फोटो काढला. चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचता येत होत्या. मी त्या सगळ्या वाचल्या. फोटोग्राफीच्या धंद्यात मला एवढा आनंद फार वेळा झालेला नाही.

गिऱ्हाइकांना झाला नाही. कडेचे मामा बारीक झाले, आणि घरी आजारी होते का अशी चौकशी सुरू झाली. जुनं भिंग चेहऱ्यावर जे सायीसारखं पसरवत असे ते गेलं. देवीचे व्रण व्रणांसारखे दिसू लागले. मी ठरवलं होतं की आता जे आहे ते दाखवायचं. नेगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवायची, म्हणजे रिटचिंगची, पद्धत होती. मी पेन्सिल बंद केली. काही गिऱ्हाइकं पुण्याला जाऊ लागली. मी त्यांना अडाणी समजलो.

अशात एकदा पिंपरी कॅम्पातले जेठानंद आले. कापडाचं दुकान होतं त्यांचं. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस, पण सिंधमधून निघाल्यापासूनच्या वर्षांत केस आणि मिशा पांढऱ्या झालेल्या. दुकानाच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. मी काढला. दोन दिवसांनी न्यायला आले तेव्हा त्यांनी पाकीट उघडून फोटो डोळ्यांजवळ धरला. मी वाद घालायच्या तयारीने उभा राहिलो.

"ये मैं नहीं हूँ," ते म्हणाले.

"शेठजी, नवं भिंग आहे. जे आहे ते येतं."

"नहीं, नहीं. अच्छा है." ते फोटो खिडकीपाशी घेऊन गेले. "ये मेरे बाबा हैं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. वडील तिकडेच वारले, निघायच्या आधीच. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो भिंतीवरच राहिला. कुलूप लावून निघाले, परत येऊ असं वाटत होतं. इतकी वर्षं वडिलांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते आणि अलीकडे तो नीट येत नव्हता. घरात आरसा रोज बघत होते, पण आरशात माणूस दाढी बघतो.

"बड़ा बना दो," ते म्हणाले. "दो. एक दुकान में लगाऊँगा, एक कल्याण भेजूँगा, बड़े भाई को."

परवान्याला त्यांनी दुसरा फोटो काढून घेतला, टोपी घालून.

मोठा फोटो दुकानात लागला, त्याला हार घातला गेला. खाली जेठानंद बसलेले. येणारं गिऱ्हाईक एकदा वर बघे आणि एकदा खाली, आणि काही न विचारता कापड घेऊन जाई.

महिनाभराने कल्याणहून थोरले भाऊ आले. जेठानंद त्यांना घेऊन माझ्याकडे आले. भाऊ साठीकडे झुकलेले, काठी टेकत चालणारे. त्यांच्या हातात तो फोटो होता, कापडात गुंडाळलेला. मला वाटलं, धाकट्याचा फोटो वडिलांचा म्हणून पाठवला याचा जाब विचारायला आले आहेत. ते खुर्चीवर बसले. फोटो उघडून मांडीवर ठेवला. वाकून आधी त्याला नमस्कार केला.

"बिल्कुल बाबा हैं," ते म्हणाले. "सिर्फ़ मूँछ थोड़ी और भरी हुई थी."

आणि माझ्याकडे पाहत राहिले.

मी नेगेटिव्ह शोधून काढली. पेन्सिलला टोक केलं. नेगेटिव्हवर पेन्सिल ओढली की कागदावर पांढरं उमटतं. दोघं भाऊ माझ्या दोन्ही खांद्यांशी उभे राहिले. थोरले सांगत गेले, "यहाँ... थोड़ा और... अब उस तरफ़," आणि मी एकेक केस ओढत गेलो, ते "बस" म्हणेपर्यंत.